डावीकडे एसेन, उजवीकडे लाइपझिग

जर्मनी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोटारगाड्या, महायुद्ध आणि बर्लिनची भिंत एवढेच येते. तिथला साधा कामगार कसा राहतो, त्याचा दिवस किती वाजता मावळतो, तो रविवारी काय करतो, हे आपल्याला सहसा कोणी सांगत नाही. आमच्या घरातली दोन मुले सध्या त्या देशात आहेत. पुतण्या एसेन शहरातल्या एका रुग्णालयात रुग्णसेवेचे काम करतो, तर भाची लाइपझिगच्या विद्यापीठात शिकते. हे विद्यापीठ १४०९ सालचे. दोन्ही शहरांची वस्ती सहा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या सोलापूरपेक्षा लहान. मध्ये रस्त्याने सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटरचे अंतर. एसेन पश्चिमेला, लाइपझिग पूर्वेला. १९९० पर्यंत ती दोन वेगळ्या देशांतली शहरे होती.

या दोघांनी आपसात एक ठरवले. वर्षभर, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, तिथल्या घड्याळात दुपारी साडेचार वाजता, आपापल्या खिडकीतून एक फोटो काढायचा आणि घरी पाठवायचा. त्याशिवाय हिंडताना टिपलेले आणखी शे-दीडशे फोटो आले. मी ते आमच्या नाक्यावरच्या स्टुडिओतून छापून घेतले आणि अल्बमात लावले. नकाशात जसे आहे तसेच, डावीकडे एसेन, उजवीकडे लाइपझिग. पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, फोनमध्येच बघा की, छापता कशाला?" पण फोनमधला फोटो बोटाने सरकवला की गेला. शिवाय आमच्या आईला अल्बम मांडीवर घेऊन पाहायची सवय आहे. तिचे वय ऐंशीच्या पुढे. पहिलेच पान पाहून तिने विचारले, "हे लोक कपडे कुठं वाळत घालतात?" या प्रश्नाकडे मी पुढे येणार आहे, कारण त्यात बराच इतिहास दडलेला आहे.

आधी डिसेंबरचे पान. उजवीकडे लाइपझिगमध्ये दिवे लागलेले आहेत, आकाश काळेनिळे. डावीकडे एसेनमध्ये मात्र अजून संधिप्रकाश आहे, समोरच्या कौलांचा रंग ओळखू येतो. घड्याळ दोन्हीकडे एकच, साडेचार. मग हा फरक कशाचा? दोन्ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, ५१ अंशांच्या थोडी वर, त्यामुळे दिवसाची लांबी दोन्हीकडे सारखीच. पण लाइपझिग पाच अंशांहून अधिक पूर्वेला असल्याने तिथे सूर्य सुमारे एकवीस मिनिटे आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा. एसेनमध्ये सकाळी साडेआठपर्यंत सूर्य दिसत नाही. पुतण्या पहिल्या पाळीला अंधारात जातो, आणि दुसरी पाळी असली तर घरी अंधारातच येतो. जूनमध्ये उलट. दिवस साडेसोळा तासांचा, एसेनचा सूर्य पावणेदहाला मावळतो, मुलांना उजेडातच झोपवावे लागते. मार्चच्या शेवटच्या रविवारी सारा देश घड्याळ एक तास पुढे करतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतो. त्यामुळे हिवाळ्यात आमच्याकडे रात्री नऊला येणारा फोटो उन्हाळ्यात आठलाच येई.

त्याच पानावर लाइपझिगच्या खिडक्यांतून लाकडी कमानी दिसतात, त्यांच्यावर ओळीने दिवे. नाताळापूर्वीच्या चार आठवड्यांत तिकडे घरोघर अशा कमानी लावतात. ही चाल आली ती दक्षिणेच्या डोंगराळ खाणपट्ट्यातून. हिवाळ्यात खाणकामगार अंधारात खाणीत उतरे, अंधारातच वर येई, त्याला उजेडाचे अप्रूप असणारच. एसेन हे तर खाणींचेच शहर, पण तिथे या कमानी कमी दिसतात. तिथे नोव्हेंबरात लहान मुले कागदी कंदील हातात घेऊन मिरवणूक काढतात.

पावसाबद्दल थोडक्यात. आपला पाऊस चार महिन्यांत येऊन जातो. मुंबईत त्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटर पडतो. एसेनमध्ये वर्षाला साधारण नऊशे, पण तो बाराही महिने वाटून येतो, रिमझिम आणि करडा. लाइपझिगमध्ये त्याहून बराच कमी, कारण मधला हार्ट्झ डोंगर पश्चिमेचे ढग अडवतो. आपल्या घाटमाथ्यापलीकडे माण-खटावला जे होते तेच, फक्त सौम्य प्रमाणात. म्हणूनच डावीकडच्या बारा फोटोंपैकी सातांत रस्ता ओला आहे.

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ. एसेनमध्ये एकेकाळी कपडे बाहेर वाळत घालणे हाच बायकांच्या डोक्याला ताप होता. गावभर कोळशाच्या खाणी, कोक भट्ट्या आणि पोलादाचे कारखाने. क्रुप घराण्याचा कारखाना इथे १८११ मध्ये सुरू झाला. दोरीवर घातलेली पांढरी चादर संध्याकाळी राखाडी होऊन घरात येई. १९६१ च्या निवडणुकीत विली ब्रांट यांनी रूर खोऱ्यावरचे आकाश पुन्हा निळे झाले पाहिजे अशी मागणी केली, तेव्हा अनेकांनी ती हसण्यावारी नेली. जिथे धूर आहे तिथे मजुरी आहे, असाच तो काळ. पुतण्याच्या एप्रिलच्या फोटोत मागच्या अंगणात दोऱ्या आहेत आणि त्यांवर रुग्णालयाचे पांढरे कपडे वाळत आहेत. वर आकाश निळे. आईला मी तो दाखवला. ती म्हणाली, "मग बरं आहे."

पण आकाश निळे झाले ते खाणी बंद पडल्यामुळेही, हे विसरून चालणार नाही. एसेनची शेवटची खाण, त्सोलफेराइन, २३ डिसेंबर १९८६ रोजी बंद झाली. नाताळाच्या तोंडावर. तिचा बारा नंबरचा खड्डा १९३२ मध्ये सुरू झाला तेव्हा दिवसाला बारा हजार टन कोळसा वर काढण्याची त्याची ताकद होती. आज तो लाल लोखंडी मनोरा जागतिक वारसा स्थळ आहे, २००१ पासून. कोक भट्ट्या १९९३ पर्यंत धगधगत होत्या. आता हिवाळ्यात त्यांच्या शेजारी लांबच लांब बर्फाची पट्टी करतात आणि पोरे त्यावर घसरतात, उन्हाळ्यात तिथेच एक पोहण्याचा हौद असतो. पुतण्याने दोन्ही फोटो पाठवले आहेत. एकाच भिंतीसमोर जानेवारीत लोकरी टोप्या आणि जुलैत ओली डोकी.

लाइपझिगचा कोळसा वेगळा. तो तपकिरी, मातीसारखा भुसभुशीत, उघड्या खाणीतून खरवडून काढलेला. पूर्व जर्मनीत घरोघरच्या शेगड्यांत त्याच्याच विटा जळत. हिवाळ्यात शहरावर पिवळट धूर साचे, आणि तळघरातून कोळशाच्या बादल्या तिसऱ्या मजल्यावर नेणे हे घरातल्या बाईचे नाहीतर पोराचे काम. शहराच्या दक्षिणेला या खाणींनी गावेच्या गावे गिळली. कोस्पुडेन नावाचे खेडे असेच उठवले गेले. आज तिथे त्याच नावाचे तळे आहे. खाणीचा खड्डा पाण्याने भरू दिला आणि २००० साली तो लोकांना खुला झाला. भाचीच्या जूनच्या फोटोत वाळूवर चटया टाकून माणसे पहुडली आहेत. उठवलेल्या खेड्यातल्या कोणाला तिथे येऊन पोहावेसे वाटत असेल का, हे फोटोवरून सांगता येत नाही.

एसेनलाही बाल्डेनाय नावाचे तळे आहे. रूर नदीवर बांध घालून १९३१ ते १९३३ या काळात ते केले, बेकारांच्या हातांनी. पाणी घाण म्हणून चाळीस वर्षांहून अधिक काळ तिथे पोहायला बंदी होती, ती २०१७ मध्ये एका ठिकाणापुरती उठली. शहराच्या उत्तरेला एम्शर नावाची दुसरी नदी आहे. तिची गोष्ट तर आपल्या लोकांनी जरूर ऐकावी. खाणींमुळे जमीन खचत असे. जमिनीखाली गटाराचे नळ घालावेत तर ते फुटत. म्हणून शंभर वर्षे साऱ्या खोऱ्याचे मैलापाणी या नदीतून, सिमेंटच्या उघड्या पन्हाळीतून वाहत राहिले. तिच्या काठी घरे कोणाची, हे सांगायला नको. खाणी थांबल्या, जमीन स्थिर झाली, १९९२ मध्ये जमिनीखालून नळ घालण्याचे काम सुरू झाले आणि २०२१ च्या अखेरीस नदीत मैलापाणी येणे बंद झाले. तीस वर्षे आणि पाच अब्जांहून अधिक युरो लागले. हे वाचताना गटारात उतरणाऱ्या आपल्या माणसांची आठवण होते. आपल्याकडे २०१३ चा कायदा आहे, तरी ती माणसे आजही उतरतात.

आता उजव्या पानावरचा असा एक फोटो, ज्याच्यापाशी मी सर्वांत जास्त थांबलो. लाल विटांच्या लांब इमारती, उंच खिडक्या, आवारात रुळांचे तुकडे. परळ-लालबागचा माणूस पाहताच म्हणेल, ही गिरणी. खरोखरच ती लाइपझिगची कापूस गिरणी, १८८४ मध्ये सुरू झालेली. पंचवीस वर्षांत ती युरोप खंडातली सर्वांत मोठी सूतगिरणी झाली, दोन लाख चाळीस हजार चात्या. कापसासाठी गिरणीने आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत स्वतःचे मळे केले होते. तिकडच्या मजुरांचे फोटो मात्र भाचीला कुठे दिसले नाहीत. गिरणीच्या आवारातच कामगारांची घरे, बालवाडी, बागा. पुढे समाजवादी राजवटीत तिथे हजारो माणसे काम करीत, त्यांत बहुसंख्य बायका. लाइपझिगच्या एव्हेलिन रिष्टर या छायाचित्रकार बाईंनी त्या काळातल्या कारखान्यांत राबणाऱ्या बायकांचे फोटो काढले आहेत. सरकारी चित्रांत कामगार बाई नेहमी हसतमुख असे. रिष्टर यांच्या फोटोंत ती दमलेली आहे, विचारात आहे, तिची नजर यंत्रावरून ढळत नाही. भाचीने एका पुस्तकातले ते फोटो मला दाखवले. माझे वडील मुंबईत गिरणीत कताई खात्यात होते. विणाई खात्यात आपल्या माणसांना शिरकाव नव्हता, कारण धोट्याचा दोरा तोंडाने ओढावा लागे. रिष्टर यांच्या फोटोतल्या बाईच्या डोळ्यांखालची वर्तुळे मी लहानपणी घरातच पाहिलेली आहेत.

गिरण्या आणि खाणी दोन्हीकडे बंद पडल्या. पण कशा बंद पडल्या यात फरक आहे, आणि तो फोटोंतसुद्धा दिसतो. पश्चिमेत खाणी बंद करायला साठ वर्षे घेतली. १९५८ च्या सुमारास कोळशाला मंदी आली, आणि सर्वांत शेवटची खाण एसेनच्या शेजारच्या बोट्ट्रोप गावी २१ डिसेंबर २०१८ ला बंद झाली. मधल्या काळात संघटनेने बसून एकेक करार केला. तरुणाला दुसऱ्या खाणीत हलवले, वय झालेल्याला लवकर निवृत्तिवेतन. डावीकडच्या पानांवर म्हणूनच म्हातारे पुष्कळ. कोपऱ्यावरच्या टपरीपाशी उभे राहून बाटली संपवणारे, कबुतरे पाळणारे, दुपारी कुत्रे फिरवणारे. पूर्वेत हेच तीन-चार वर्षांत उरकले. १९९० मध्ये सरकारी कारखाने विकण्यासाठी एक कचेरी उघडली, १९९४ अखेर ती बंदही झाली. सूतगिरणीचे सूत १९९३ च्या सुमारास थांबले. बायका घरी बसल्या. भिंत पडल्यावर दहा वर्षांत लाइपझिगमधून जवळजवळ लाखभर माणसे निघून गेली, रस्तेच्या रस्ते रिकामे पडले. आज शहर पुन्हा भरले आहे, पण भरले ते बव्हंशी तरुणांनी. गिरणीत आता चित्रकारांच्या खोल्या आणि चित्रांची दालने आहेत. गिरणी पाडली नाही ही चांगली गोष्ट, चाती फिरवणाऱ्या बायांना मात्र तिच्यातले काही मिळाले नाही. आपल्या गिरण्यांचे १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर काय झाले ते मी सांगायला नको. निम्मे वाचक माझ्यापेक्षा अधिक जाणतात.

एका गोष्टीत मात्र लाइपझिग पुढे दिसते. सकाळच्या फोटोंत लेकरांना घेऊन निघालेले आईबाप तिथे जास्त. पूर्वेत तीन वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुले पाळणाघरात जातात, पश्चिमेत सुमारे तिसरा हिस्सा. जुन्या राजवटीत बायांना कामावर यावेच लागे, म्हणून पाळणाघरे झाली. राजवट गेली, पाळणाघराची सवय राहिली.

वसंत ऋतूत दोन्ही पानांवर हिरवा रंग चढतो. लाइपझिग शहराच्या मधून नदीकाठचे जंगल जाते. एप्रिलमध्ये तिथे रानलसणाची पाने जमिनीवर दाट पसरतात आणि साऱ्या वस्तीला लसणाचा वास येतो. भाचीने लिहिले, "मामा, ट्रामचं दार उघडलं की फोडणीची आठवण येते." लोक पिशव्या घेऊन ती पाने खुडायला जातात.

आणि बागा! या बागांची कथा लाइपझिगमधलीच. श्रेबर नावाचे एक डॉक्टर मुलांनी मोकळ्या हवेत खेळावे असे सांगत. ते १८६१ मध्ये वारले. पुढे हाउशिल्ड नावाच्या मुख्याध्यापकाने त्यांच्या नावाची संस्था काढली आणि १८६५ मध्ये मुलांसाठी मैदान उघडले. गेझेल नावाच्या शिक्षकाने मैदानाच्या कडेने मुलांसाठी वाफे आखले. मुलांचा उत्साह लवकरच मावळला, वाफ्यांत तण माजले. मग आईबाप खुरपी घेऊन आले आणि तिथेच राहिले. डॉक्टरांनी स्वतः एकही वाफा खणला नव्हता, पण देशभरच्या या भाड्याच्या बागांना नाव त्यांचेच पडले. एकट्या लाइपझिगमध्ये आज अशा तीस हजारांहून अधिक बागा आहेत. एसेनमध्येही आहेत. तिथे खाणकामगार घरामागे शेळीसुद्धा पाळी, तिला खाणकामगाराची गाय म्हणत.

१९८३ च्या कायद्याने या बागांचे सारे बांधून दिले आहे. एक बाग चारशे चौरस मीटरपेक्षा मोठी नको. भाडे कमी ठेवायचे. साधारण एक तृतीयांश जागेत भाजी-फळे लावलीच पाहिजेत, नुसती हिरवळ चालणार नाही. आत एक लाकडी खोपटे बांधता येते, पण चोवीस चौरस मीटरपर्यंतच, आणि त्यात कायमचे राहायला बंदी. चोवीस चौरस मीटर म्हणजे सुमारे २५८ चौरस फूट. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची होती. तिच्यात आठ-दहा माणसांनी पिढ्या काढल्या.

या बागांचे सप्टेंबरातले फोटो पाहावेत. भोपळे, सफरचंदे, सूर्यफुलांच्या माना खाली. एसेनच्या एका फोटोत द्राक्षाच्या वेलीखाली एक वृद्ध गृहस्थ बसले आहेत, पुतण्याचे शेजारी. मूळचे तुर्कस्तानचे. जर्मनीने ३० ऑक्टोबर १९६१ ला तुर्कस्तानशी मजूर आणण्याचा करार केला, आणि त्या वाटेने आलेल्यांपैकी ते एक. तीस वर्षे खाणीत होते. पूर्वेनेही व्हिएतनाम आणि मोझांबिकहून माणसे आणली, पण मुदत संपली की परत पाठवण्याच्या अटीवर. म्हणून एसेनच्या फोटोंत तीन पिढ्यांची तुर्की कुटुंबे दिसतात, लाइपझिगमध्ये तितकी नाहीत.

रविवार दोन्हीकडे सारखाच शांत. दुकाने कायद्याने बंद. रविवारच्या विश्रांतीचे रक्षण १९१९ च्या राज्यघटनेत आले, तेच कलम १९४९ च्या घटनेतही ठेवले. मुंबईच्या गिरणी कामगाराला ही सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने १८९० मध्ये मिळाली, ते आपण विसरता कामा नये. जुलैतल्या रविवारी मात्र खिडक्यांचे पडदे ओढलेले दिसतात. घरांत छताचा पंखा नसतो, भिंती थंडीसाठी बांधलेल्या. २५ जुलै २०१९ ला एसेनजवळच्या ड्यूसबुर्गमध्ये पारा ४१.२ अंशांवर गेला होता.

ऑक्टोबरच्या पानावर लाइपझिगच्या चौकात हजारो मेणबत्त्या आहेत. ९ ऑक्टोबर १९८९ ला सत्तर हजार माणसे निःशस्त्र रस्त्यावर उतरली, पोलीस आणि सैन्य सज्ज होते, पण गोळी सुटली नाही. त्या रात्री दोघा तरुणांनी एका चर्चच्या मनोऱ्यावरून चोरून चित्रण केले. ते पश्चिमेला पोचवले गेले, दुसऱ्या दिवशी दूरदर्शनवर दिसले, आणि सरकारला काही झालेच नाही म्हणता येईना. महिन्याभरात भिंत उघडली.

फोटोंत जे नाही तेही सांगितले पाहिजे. रिकामी प्लास्टिकची बाटली परत दिली की पंचवीस सेंट मिळतात, म्हणून दोन्ही शहरांत म्हातारी माणसे विजेरी घेऊन कचऱ्याच्या डब्यांत हात घालतात. मुलांनी त्यांचे फोटो काढले नाहीत, आणि ते योग्यच केले. पुतण्याने घरासाठी चाळीस अर्ज केले, उत्तरे तीन आली. त्याच्या जर्मन मित्राने त्यातल्याच एका घरासाठी अर्ज केला, तर त्याला दुसऱ्या दिवशी बोलावणे. आडनाव पाहून घर नाकारणे आपल्याला नवे नाही. तिथे २००६ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, पण पत्राला उत्तरच दिले नाही तर कायदा काय करणार? शेवटी घर मिळाले ते त्या तुर्की शेजाऱ्यांच्या ओळखीने.

भाचीने बागेसाठी नाव नोंदवले आहे. यादी लांब आहे. तिची पाळी येईपर्यंत शिक्षण संपून जाईल, असे तिथल्या कार्यवाह बाईंनी तिला सांगितले. तोवर तिने खिडकीत दोन कुंड्यांत मेथी लावली. मे महिन्याच्या फोटोत ती दिसते, काचेच्या आतल्या बाजूला, चार बोटे वाढलेली.